सुनेचे ताट आणि नातवाची साखर

मधुमेह, म्हणजे आपल्या बोलण्यातला साखरेचा रोग, हा सुखवस्तू माणसाचा रोग अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. मधुमेही म्हटला की लोडाला टेकून बसलेला, पोट सुटलेला सावकार डोळ्यांपुढे येतो. उलट अशक्तपणा, रक्त कमी असणे, हाडकुळी पोरे हे गरिबाघरचे दुखणे. या हिशेबाने दोन्ही रोगांची घरे वेगळी, दवाखाने वेगळे आणि सरकारदरबारी खातीही वेगळी. आमचे म्हणणे असे की ही वाटणी आता टिकणारी नाही. दोन्ही रोग एकाच चुलीवरच्या अन्नावर वाढत आहेत आणि पुष्कळदा एकाच देहात नांदत आहेत. सासऱ्याला साखर, सुनेच्या अंगात रक्त नाही आणि नातू काट्यावर हलका, असे घर शोधायला आता लांब जावे लागत नाही.

आकडे पाहावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. सर्व राज्यांत पहिला नंबर आमच्या गोव्याचा! तेथे प्रौढांपैकी शंभरात २६ जणांना हा रोग आढळला. आता दुसरी बाजू. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत ५७ जणींचे रक्त कमी. पाच वर्षांखालील शंभर मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने खुजी. आणि त्याच पाहणीत शंभरात २४ स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या. गोव्यात तर रक्त कमी असलेल्या स्त्रिया शंभरात ३९ आणि जादा वजनाच्या ३६. या दोन याद्यांत काही नावे दोन्हीकडे असणारच. अंगाने भरलेली बाई दोन जिने चढून धापा टाकते, तेव्हा लोक म्हणतात, वजन वाढले. वजन वाढले हे खरे, पण रक्तही उतरले आहे, हे पाहावयाचे कोणाला सुचत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर शोधण्यात आपल्याच मुलखातील एका कामाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास हाती घेतला. गरोदर बायका काय खातात, किती राबतात, त्यांची मुले किती वजनाची जन्मतात आणि मोठेपणी त्या मुलांचे काय होते, हे पिढी ओलांडून पाहावयाचे, असा तो लांब पल्ल्याचा बेत. त्या खेड्यांतील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २ किलो ७०० ग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन गावच्या बाळांचे साडेतीन किलो. एवढा फरक असणार हे अपेक्षितच होते. नवल पुढे होते. आपली बाळे मांसाने, पोटातल्या अवयवांनी फार कमी भरली, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला काडी, आणि आतून चरबी राखून असलेले बाळ.

याची संगती शास्त्रज्ञ अशी लावतात. पोटातल्या गर्भाला अन्न कमी पडले की तो काटकसरीचा संसार मांडतो. दुष्काळात शेतकरी बियाणे आणि बैल आधी राखतो, बाकीच्यात काट मारतो, तसे. मेंदू राखावयाचा, थोडी चरबी राखावयाची, आणि काट मारावयाची ती स्नायूंत, यकृतात व स्वादुपिंडात. स्वादुपिंड म्हणजे रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिन जेथे तयार होते तो अवयव. असे मूल पुढे जन्मभर अर्धपोटी आणि काबाडकष्टाचे जगले, तर तो काटकसरीचा संसार निभावून जातो. पण ते शहरात आले, बसून करावयाची नोकरी धरली, सकाळी मैद्याचा पाव, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, रात्री तेलकट असे सुरू झाले, की तो अपुरा बांधलेला अवयव थकतो. मग चाळिशीच्या आतच साखर. युरोपातही हे दिसून आले आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडात उपासमार झाली. तेव्हा जे पोटात होते त्यांची प्रौढपणी तपासणी केली, तर साखर पचविण्याची त्यांची शक्ती उणी आढळली.

याज्ञिकांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा व आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी शंभरात ९ भाग आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१ भाग. तेव्हा ‘मी तर बारीक आहे, मला कशाला साखर होते’ असे म्हणणाऱ्यांनी वजनाच्या काट्यावर विसंबू नये. घरी करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. आपल्या उंचीइतकी सुतळी कापावी, ती मधोमध दुमडावी आणि कमरेभोवती गुंडाळावी. टोके जुळली नाहीत, तर दवाखान्यात जाऊन साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

आता मुद्द्याकडे येऊ. साखरेच्या रोगाविरुद्ध जो उपदेश चालतो, तो सगळा पन्नाशीतल्या पुरुषाला. गोड सोडा, भात कमी करा, पहाटे फिरायला जा. तो उपदेश योग्यच आहे, त्याला आमची हरकत नाही. पण तीसचाळीस वर्षांनंतरचा मधुमेही आज जेथे घडतो आहे, तेथे कोणाचे लक्ष नाही. तो घडतो आहे सतराअठरा वर्षांच्या मुलीच्या ताटात आणि नव्या सुनेच्या ताटात. आणि ही दोन ताटे आपल्या घरांत सर्वांच्या मागून वाढली जातात. गडीमाणसे जेवली, मुले जेवली, आल्यागेल्याचे झाले की मग ती बसणार. तोवर भाजी तळाशी गेलेली असते. कालवणातला तुकडा मुलग्याच्या ताटात आणि तिच्या भातावर नुसता रस्सा. आपल्या लोकांत मासळी आणि अंडी वर्ज्य नाहीत, हे आपले भाग्य. पण घरात अंडी शिजली म्हणजे ती सुनेच्या तोंडापर्यंत पोहोचली असे नव्हे.

आम्ही हे सासवांना टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. त्याही त्याच रांगेतून गेल्या आहेत. पण पुण्याच्या त्या अभ्यासाने जे दाखवून दिले ते प्रत्येक सासूने आणि प्रत्येक नवऱ्याने ऐकावे असे आहे. त्या खेड्यांतील गरोदर बायकांच्या पोटात दिवसाला सुमारे १,८०० उष्मांक, किंवा त्याहूनही थोडे कमी, आणि ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने जात होती. एकूण उष्मांक किती किंवा प्रथिने किती, यांचा बाळाच्या वजनाशी मेळ बसला नाही. मेळ बसला तो या गोष्टीशी, की ती हिरवी पालेभाजी, फळ आणि दूध किती वेळा खाते-पिते. ज्या बायका हे जास्त वेळा खात त्यांची बाळे अधिक भरलेली. आणि ज्यांना गरोदरपणी शेतातले व पाणी वाहण्याचे जड काम जास्त, त्यांची बाळे हलकी. पालेभाजी खेड्यात दुर्मिळ नाही. हंडा दुसऱ्याने उचलावयास पैसा लागत नाही. या दोन गोष्टी महाग आहेत असे कोणी म्हणू नये.

त्याच अभ्यासात आणखी एक आढळले. दर तीन गरोदर बायकांत दोघींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते पालेभाजीत नसते, डाळीत नसते. ते असते दूध, दही, ताक, अंडी, मासळी आणि मांसात. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी पण फॉलिक ॲसिड भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची लक्षणे दिसली. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी टाकून द्यावी असा मुळीच नव्हे. बाळाच्या पाठीचा कणा नीट जुळण्यासाठी ती हवीच. अर्थ एवढाच, की गोळीच्या जोडीला वाटीभर दही, एखादे अंडे, चार तारल्या किंवा मूठभर सुकटही हवी. एकट्या गोळीवर बाळ वाढत नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून सहा वर्षे याचाच प्रयोग झाला. साडेसहा हजार बायकांना रोज एक खाऊ दिला. अर्ध्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळे व दुधाचा अंश, आणि बाकी अर्ध्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. गरोदर राहण्याच्या आधीपासून सुरुवात आणि बाळंतपणापर्यंत रोज. फळ काय मिळाले? सरसकट सर्वांची बाळे वजनदार झाली नाहीत. पण ज्यांनी गरोदर राहण्यापूर्वी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढले. आणि गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात शंभरात १२ जणींना झाला, तर पालेभाजीच्या गटात फक्त ७ जणींना. ही घट लहान नव्हे. गरोदरपणी साखर झालेली बाई पुढे मधुमेही होण्याचा संभव फार, आणि तिच्या मुलालाही तो धोका. एका खाऊने दोन पिढ्यांचे दार थोडे तरी लोटून घेतले. मात्र ज्या बायका मुळात अगदीच हाडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊचा लाभ झालेला दिसला नाही. आमच्या समजुतीप्रमाणे तेथे आधी दोन वेळचे पोटभर जेवण हवे, खाऊ त्याच्यानंतर.

यातून एक गोष्ट उघड होते. पाचव्या महिन्यात कोणी तरी ओटी भरते, मग डोहाळजेवण होते आणि मग घरातील लोक सुनेला ‘दोघांचे खा’ म्हणू लागतात, तोवर उशीर झालेला असतो. गर्भाचे मुख्य अवयव पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेतात आणि तेव्हा पुष्कळदा तिला स्वतःलाही नीट पत्ता नसतो. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीचे रक्त तपासावे. लग्नाच्या खरेदीत दागिने, साड्या, भांडी यांची यादी निघते. त्यात हिमोग्लोबिनच्या तपासणीचे चार पैसे जड नाहीत. रक्त कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात. शौचास काळे होते म्हणून घाबरून मध्येच सोडू नयेत. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी लागत नाही. तो तासा-दीड तासाने घ्यावा. भाजीवर लिंबू मात्र अवश्य पिळावे, त्याने लोह जास्त शोषले जाते.

आता धान्याच्या पिशवीविषयी बोलू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य ठरविले, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळू लागले. या धान्याने उपासमार रोखली, याविषयी वाद नाही. जुन्या दुष्काळांच्या आठवणी ज्यांच्या घरांत आहेत त्यांना हे सांगावयास नको. पण तांदूळ-गव्हाने पोट भरते, अंग भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे जे मार्गदर्शन काढले, त्यात म्हटले आहे की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून शंभरात ४५ पर्यंतच यावेत. प्रत्यक्षात आपल्या लोकांच्या पोटात ते ५० ते ७० जातात. गरिबाने डाळ, अंडे, भाजी यांत काट मारली की पोट भरण्यासाठी भातच उरतो. मग उपाशीही तोच आणि साखरेच्या वाटेलाही तोच.

धान्याबरोबर डाळ दिल्याने काय होते, त्याचा एक पुरावा झारखंडातून आला आहे. क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या अशी शिधा देण्यात आली. २०२३ साली निकाल बाहेर आला. ज्या घरांत फक्त रोग्यालाच शिधा मिळत होती, त्यांच्या मानाने या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. औषध नव्हे, लस नव्हे, शिधा! आणि मधुमेह्याला क्षयाचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या रोगांची गाठ कशी एकमेकांत पडली आहे ते कळते.

म्हणून आमची सूचना अशी. नाताळात, चतुर्थीला, पुरात, आजारपणात निरनिराळी मंडळे गरजूंना जी पिशवी वाटतात, ती उघडून पाहावी. तांदूळ, साखर, मैदा, वनस्पती तूप, चहाची पुडी, बिस्किटांचे चार पुडे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तांदूळ त्या घरी रेशनवर येतोच, आणि बाकीची चीजवस्तू रोग वाढविणारी. त्या पैशांत तूरडाळ, मसूर, चवळी, शेंगदाणे, नाचणीचे पीठ, गोडे तेल आणि शक्य तेथे डझनभर अंडी द्यावीत. सभासंमेलनांनंतर चहाबरोबर क्रीमची बिस्किटे वाटण्यापेक्षा उकडलेले शेंगदाणे वा केळे ठेवण्यास काय अडचण आहे, हेही आम्हांस कळत नाही. कर्नाटकात सरकारी शाळांच्या दुपारच्या जेवणाबरोबर अंडे मिळते आणि जे खात नाहीत त्यांना केळे. बेळगावकडच्या पालकांनी आपल्या शाळेत ते खरोखर पोरांच्या हाती पडते की नाही, याची चौकशी करीत राहावे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. पूर्वी गावोगावी गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरत आणि सर्वांत गालफुगऱ्या बाळाला बक्षीस मिळे. ती खोड अजून पुरती गेलेली नाही. हलके जन्मलेले बाळ झपाट्याने फुगवावे म्हणून डब्याची पावडर, साखर घातलेले दूध, बिस्किटे यांचा मारा होतो. अशा बाळाच्या अंगावर जे चढते त्यात चरबीच जास्त. त्याला सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको. पुढे नाचणी, मऊ खिचडी, कुस्करलेले अंडे, मासळी, भाजी. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध जगभर ओरड झाली, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली आणि आपल्याकडे १९९२ साली कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आली. जे डब्याच्या दुधाच्या बाबतीत जमले ते रंगीत पुड्यांच्या बाबतीत का जमू नये? चिली देशाने २०१६ पासून आणि मेक्सिकोने २०२० पासून जादा साखर, मीठ वा चरबी असलेल्या खाद्याच्या पुड्यावर दर्शनी बाजूस काळा अष्टकोनी शिक्का मारणे सक्तीचे केले. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही काळा शिक्का कळतो. आपल्याकडे २०२२ साली पुड्यावर तारे छापण्याचा मसुदा पुढे आला होता. आमच्या मते तारा हा शाबासकीचा असतो. तो वेफर्सच्या पुड्यावर अर्धा जरी छापला तरी गिऱ्हाईक त्याला शाबासकीच समजेल.

राहिला प्रश्न शेताचा. शेती आणि आरोग्य एकाच पानावर का, असे आम्हांस विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी बेळगावकडचे एखादे जुने शेत आठवावे. ज्वारीच्या ओळींत तूर, मध्ये मटकी, बांधावर अंबाडी. त्या एका शेतात भाकरी, आमटी आणि भाजी तिन्ही उगवत. ऊस आला, पैसा आला, ते चांगलेच झाले, पण आमटी आता दुकानातून येते आणि पैसा कमी पडला की आधी तीच पातळ होते. गोव्यात भाताच्या कापणीनंतर ओलीवर अळसांदे, कुळीथ निघत. आज पुष्कळ शेते त्या हंगामात ओस पडून आहेत. सगळा ऊस उपटा असे आम्ही म्हणणार नाही, कारण हप्ते कोण भरणार? पण घरच्या माणसांपुरती चार ओळी तूर आणि बांधावर चवळी, एवढे तरी प्रत्येकाने राखावे.

ज्यांना शेत नाही त्यांना परसू आहे, आणि ज्यांना तेही नाही त्यांना खिडकीतले डबे आहेत. इंदूर-बडोद्याच्या चाळीतही तांबडा माठ आणि मेथी डब्यात येते. बी पेरल्यापासून महिन्याभरात माठ काढणीस येतो. दर दहा दिवसांनी थोडे थोडे पेरीत गेल्यास भाजी तुटत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर पपई आणि अळू. शेवग्याला मात्र पाणी साचलेले चालत नाही. त्याची मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी पावसाच्या सुरुवातीस उंचवट्यावर लावावी, पहिल्या वर्षी छाटून झाड बुटके ठेवावे, म्हणजे पाला हाताशी येतो. शेंगा विकल्या तरी चालतील. पाला घरात राहू द्यावा, आणि त्याची भाजी केली त्या दिवशी सुनेचे ताट आधी वाढावे.